अक्षराचें नांव आणि अक्षराचा आवाज

इंग्रजीचा ओनामा गिरविणाऱ्या मुलाच्या तोंडची "सी, ए, टी, कॅट, कॅट म्हणजे मांजर" ही घोकणी महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांनीं पिढ्यान् पिढ्या ऐकलेली आहे. ती कानांत इतकी मुरली आहे कीं, तिच्यांत कांहीं चमत्कारिक आहे असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वास्तविक 'सी', 'ए' आणि 'टी' हे तीन उच्चार एकामागून एक कितीहि भरभर केले तरी त्यांतून 'सीएटी' निघेल. 'कॅट' निघणार नाहीं. 'एल्, ई, जी' असें म्हटल्यास तर मोठी मौज होते. पाय ह्या अर्थाचा 'लेग' हा शब्द बाजूला राहतो आणि 'एलिजी' असा उच्चार कानीं पडतो. एलिजी म्हणजे शोकगीत! मुलाला सांगितलें जातें तें अक्षराचें नांव, आणि वाचतांना त्याला गरज असते अक्षराच्या आवाजाची. ह्या दोहोंमधलें अंतर बहुतेक मुलें आपल्या बुद्धीनें किंवा गुरुजींच्या छडीच्या धाकानें कशीं तरी ओलांडतात. ज्यांना तें ओलांडतां येत नाहीं त्यांना मठ्ठ म्हणण्याची चाल सर्व देशांत सारखीच आहे.

देवनागरीवर वाढलेल्या माणसाला ही अडचण चटकन उमगत नाहीं, कारण आपल्या 'क' चें नांवच 'क' आहे. वर्णमाला रचणाऱ्या प्राचीन वैयाकरणांनीं कंठापासून ओठांपर्यंत उच्चाराच्या स्थानांप्रमाणें व्यंजनें ओळीनें बसविलीं आणि प्रत्येकाला त्याच्या आवाजाखेरीज दुसरें नांवच दिलें नाहीं. मराठी मूल अडखळतें तें दुसऱ्याच जागीं. बाराखडीचा पसारा आणि जोडाक्षरांचीं वळणें हातीं येण्यास कांहीं वर्षें लागतात. 'कमळ' मधला शेवटचा 'ळ' पुरा म्हणावयाचा नाहीं, 'चार' मधला 'च' आणि 'चारा' मधला 'च' एकच नव्हे, हेंहि त्याला कोणी न सांगतां उमजावें लागतें. परंतु अक्षर एक म्हणवतें आणि बोलतें दुसरेंच, हा घोटाळा त्याच्या वांट्याला येत नाहीं. म्हणूनच ह्या एवढ्याशा गोष्टीवरून यूरोप-अमेरिकेंत पांचशें वर्षें वाद माजला, पुस्तकांवर पुस्तकें निघालीं, शिक्षकांच्या नेमणुका गेल्या, आणि अगदीं अलीकडे कायदे करावे लागले, हें ऐकून आपल्याकडे आश्चर्य वाटतें. हल्ली मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांतून 'फोनिक्स' हा शब्द पालकांच्या कानावर येतो, तो ह्याच वादाचा ताजा अवशेष आहे.

यूरोपांतील जुनी रीत लॅटिनच्या शाळांतून आली. मुलानें प्रथम सर्व अक्षरांचीं नांवें पाठ करावयाचीं, मग 'ए-बी अब्, ई-बी एब्' अशा निरर्थक जोड्या घोकावयाच्या, आणि मग एकदम प्रार्थनेचें पुस्तक हातीं घ्यावयाचें. इंग्लंडमध्यें ह्यासाठीं 'हॉर्नबुक' नांवाचें एक साधन असे. मुठीच्या लांकडी फळीवर एकच कागद चिकटविलेला, आणि तो फाटूं नये म्हणून त्यावर शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा बसविलेला. कागदावर वर्णमाला, कांहीं जोड्या आणि येशूनें शिकविलेली प्रार्थना. अठराव्या शतकापर्यंत असंख्य इंग्रज मुलांचें सारें ग्रंथालय एवढेंच होतें. प्रार्थना आधींच तोंडपाठ असल्यामुळें मूल फळीवर बोट फिरवून ती धडाधड म्हणे, आणि पाहणाऱ्यास वाटे कीं तें वाचीत आहे.

ह्या रीतीवर पहिला नेमका घाव घातला तो व्हॅलेंटिन इकेल्सामर ह्या जर्मन शाळामास्तरानें. काळ मोठा धामधुमीचा होता. ल्यूथरनें केलेलें नव्या कराराचें जर्मन भाषांतर १५२२ मध्यें छापून बाहेर पडलें होतें. १५२५ मध्यें शेतकऱ्यांचें बंड झालें आणि तें रक्तांत बुडविण्यांत आलें. इकेल्सामरची सहानुभूति ल्यूथरपेक्षांहि जहाल असलेल्या सुधारकांकडे होती. धर्मग्रंथ लोकभाषेंत आला, पण लोकांना वाचतां येत नसेल तर तो पुन्हां कोणा तरी मध्यस्थाच्याच तोंडून ऐकावा लागणार, ही त्याची खंत होती. १५२७ मध्यें त्यानें थोडक्या वेळांत वाचन शिकण्याची योग्य रीत सांगणारें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याचें म्हणणें असें कीं, अक्षरापासून आरंभ करूंच नये; आरंभ माणसाच्या स्वतःच्या बोलण्यापासून करावा. आपलें नांव सावकाश उच्चारावें, त्यांत कोणकोणते आवाज एकामागून एक येतात तें कान देऊन ऐकावें, प्रत्येक आवाजाच्या वेळीं जीभ आणि ओठ काय करतात तें पाहावें, आणि मग त्या आवाजाची खूण म्हणून अक्षर ओळखावें. 'र' म्हणजे कुत्र्याची गुरगुर. 'ह' म्हणजे गारठलेल्या हातांवर टाकलेला ऊन श्वास. अशा रीतीनें रानांतला लांकूडतोड्या किंवा मेंढपाळ आपलें काम करतां करतां वाचनाचें मर्म शिकूं शकेल, अशी त्याची उमेद होती. आज ज्याला ध्वनिपद्धति म्हणतात तिचें सारें बीज ह्या पुस्तकांत आहे. तें शिक्षणशास्त्राच्या आवडीपोटीं लिहिलेलें नव्हतें, गरीब माणसाला कोणाच्या मध्यस्थीवांचून स्वतः वाचतां यावें म्हणून लिहिलेलें होतें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पुढील दीडशें वर्षांत हाच विचार निरनिराळ्या देशांतील माणसांना पुन्हां पुन्हां सुचलेला दिसतो. इंग्लंडमध्यें जॉन हार्ट ह्यानें १५७० मध्यें अडाण्यांना सुखानें वाचावयास शिकविण्याचें पुस्तक काढलें. अक्षरांना त्यांच्या आवाजावरून नांवें द्यावीं हा त्याचा आग्रह. मोरेव्हियाचा धर्मगुरु कोमेनियस ह्यानें १६५८ मध्यें न्यूरेंबर्ग येथें आपलें प्रसिद्ध चित्रमय पाठ्यपुस्तक छापविलें. त्याच्या आरंभींच एक जिवंत वर्णमाला आहे. कावळा ओरडतो, कोंकरूं बें बें करतें, हंस ग ग करतो, कुत्रा गुरगुरतो, साप फूत्कारतो, आणि प्रत्येक चित्रासमोर तो आवाज दाखविणारें अक्षर. फ्रान्समध्यें तर ब्लेझ पास्कलसारखा गणिती ह्यांत लक्ष घालीत होता. त्याची बहीण जॅकलीन ही पोर्ट-रॉयलच्या मठांत लहान मुलींना शिकवी. व्यंजनाचें नांव न घेतां त्याचा नुसता आवाज, शेवटीं अगदीं पुसट असा स्वर लावून, शिकवावा ही पास्कलची कल्पना वर्गांत राबवितांना तिला अडचणी आल्या आणि १६५५ मध्यें तिनें भावाला पत्र लिहून खुलासा विचारला. ती पद्धति पुढें १६६० च्या पोर्ट-रॉयल व्याकरणांत एका स्वतंत्र प्रकरणांत छापली गेली. पण त्याच वर्षीं त्या पंथाच्या शाळा राजाज्ञेनें बंद पडल्या, आणि वर्गांतला प्रयोग तेथेंच थांबला.

जी गोष्ट इतक्या शहाण्या माणसांना पटली ती शाळांत कां रुजली नाहीं? ह्याचें एक कारण अगदीं घरगुती आहे. शिक्षक स्वतः जसा शिकला तसाच शिकवितो, आणि वडील माणसें घरीं तेंच म्हणून घेतात. दुसरें कारण भाषेंतच आहे. एकटें व्यंजन स्वरावांचून मोठ्यानें उच्चारणें कठीण. इंग्रज शिक्षक 'ब्' म्हणूं जातो आणि तोंडून 'ब' निघतो. मग 'बॅट' चा 'बअटअ' होतो, आणि विरोधकांना हंसावयास जागा मिळते. पाणिनीच्या परंपरेनें हलन्त व्यंजनाची कल्पना पूर्वींच स्पष्ट केली होती, आणि लिहितांना पाय मोडून तें दाखविण्याची सोय आपल्या लिपींत आहे. रोमन लिपींत तशी खूण नाहीं. तिसरें कारण सर्वांत मोठें. जर्मन, इटालियन ह्या भाषा बऱ्याच अंशीं बोलल्याप्रमाणें लिहितात. इंग्रजी तशी नाहीं. तिच्यांत सव्वीस अक्षरें आहेत आणि आवाज चव्वेचाळिसांच्या आसपास. शिवाय एकाच आवाजाचीं अनेक स्पेलिंगें, एकाच स्पेलिंगाचे अनेक आवाज. मग पाठांतराला पर्याय नाहीं असें मास्तरांना वाटलें तर त्यांना अगदींच दोष देतां येत नाहीं.

येथें हिंदुस्थानचा एक धागा मध्येंच येतो. १७८९ च्या सुमारास मद्रासेजवळील एका अनाथालयाचा चालक डॉ. अँड्र्यू बेल ह्यानें देशी शाळेंतील मुलें जमिनीवर वाळू पसरून बोटानें अक्षरें गिरवितांना पाहिलीं. ती रीत आणि मोठ्या मुलानें लहानास शिकविण्याची रीत त्यानें आपल्या संस्थेंत उचलली, १७९७ मध्यें लंडनला पुस्तक छापून तिचा पुरस्कार केला, आणि थोड्याच वर्षांत इंग्लंडच्या गरिबांच्या शाळांतून वाळूचे तबक दिसूं लागलें. आपली धूळपाटी अशी सातासमुद्रांपलीकडे गेली. इंग्रजी अक्षरांचीं तीं जुनीं नांवें मात्र तशींच राहिलीं.

जर्मनीनें हा प्रश्न प्रथम निकालांत काढला. बव्हेरियांतील शाळाधिकारी हाइन्रिख श्टेफानी ह्यानें १८०२-०३ च्या सुमारास ध्वनिपद्धतीचीं बालपुस्तकें आणि शिक्षकांसाठीं मार्गदर्शिका काढल्या. शिक्षक तयार करणाऱ्या शाळांतून ती रीत पसरत गेली, आणि १८७२ च्या नियमांनीं प्रशियाच्या शाळांतून अक्षरांचीं नांवें घोकून वाचन शिकविण्याची पद्धति बंदच करण्यांत आली. ज्या वेळीं तिकडे हा बदल निम्म्यावर आला होता त्या वेळीं, म्हणजे १८४३ मध्यें, अमेरिकेहून एक पाहुणा तेथील शाळा पाहावयास आला. त्याचें नांव होरेस मॅन.

मॅन हा मॅसॅच्युसेट्स संस्थानच्या शिक्षणमंडळाचा पहिला चिटणीस. वकिली आणि राजकारण सोडून त्यानें १८३७ मध्यें हें काम पत्करलें आणि सार्वजनिक शाळा हेंच आपलें आयुष्य केलें. मेरी पीबॉडी ह्या विदुषीशीं त्याचा विवाह झाला, आणि नवपरिणित जोडपें यूरोपच्या सफरीवर निघालें तें शाळा पाहण्यासाठीं! प्रशियांतील प्रत्येक शाळेंत तो एकच प्रश्न विचारी: वाचनाचा आरंभ तुम्ही अक्षरांच्या नांवांपासून करतां काय? नाहीं, असें उत्तर ऐकून त्याला इतका आनंद होई कीं तो पुढील शाळेंत पुन्हां विचारी. शेवटीं ते शिक्षक त्याच्याकडे ज्या नजरेनें पाहूं लागले तिच्यांत आपल्या बुद्धीविषयीं फारसा आदर नाहीं हें त्याच्या ध्यानांत आलें. त्यानें हा किस्सा स्वतःच आपल्या अहवालांत नमूद करून ठेवला आहे. एका वर्गांत मास्तरांनीं फळ्यावर घराचें चित्र काढलें, शेजारीं 'हाउस' हा जर्मन शब्द लिहिला, आणि मुलांशीं गप्पा मारीत त्यांतला एक एक आवाज त्यांच्याकडून म्हणवून घेतला. मॅन मंत्रमुग्ध झाला. सहा आठवडे शाळा पाहिल्या, पण मुलाला मार बसलेला एकदांहि दिसला नाहीं, हें त्यानें मोठ्या कौतुकानें लिहिलें.

परत येऊन त्यानें आपला सातवा वार्षिक अहवाल प्रसिद्ध केला, आणि बोस्टन शहरांत वणवा पेटला. अक्षरें म्हणजे निर्जीव, रक्तहीन भुतें आहेत, कोंवळ्या मुलाला तीं दाखविणें हा छळ आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढले होते. मुलाला शब्दच सबंध शिकवावा, कारण शब्दाला अर्थ असतो आणि अर्थांत मुलाला रस असतो. अक्षरांची ओळख मागाहून होईल, असें त्याचें मत पूर्वींपासूनच होतें. प्रशियांत त्यानें पाहिलें होतें तें शब्दाचे आवाज अलग करून दाखविणें. पण आपल्या मनांतली शब्दपद्धति आणि डोळ्यांपुढची ध्वनिपद्धति ह्यांतला भेद त्याच्या उत्साहांत पुसट झाला. अक्षरांच्या नांवांवर चिडलेला हा थोर माणूस अक्षरांवरच चिडला, आणि ह्या एका घसरणीचे परिणाम पुढें शंभर वर्षें टिकले.

१८४४ मध्यें बोस्टनच्या एकतीस मास्तरांनीं एकत्र येऊन त्याच्या अहवालावर दीडशें पानांच्या घरांतलें खंडन छापलें. त्यांचा राग बराचसा छडीवरून होता. शिक्षेवांचून वर्ग चालत नाहीं असें ते बेधडक म्हणत होते, आणि त्या भागाबद्दल आज कोणी त्यांची बाजू घेणार नाहीं. परंतु वाचनाविषयींचें त्यांतलें प्रकरण सॅम्युएल ग्रीन ह्या मास्तरानें लिहिलेलें असून तें आजहि वाचण्याजोगें आहे. सातव्या वर्षाच्या सुमारास प्राथमिक शाळेंतून जीं मुलें ह्या मास्तरांच्या हातीं येत, त्यांतलीं पुष्कळ शब्दपद्धतीनें शिकलेलीं होतीं. त्यामुळें तिचें फळ ते रोज पाहत होते. लिपीचा सारा लाभ असा कीं थोड्याशा खुणांनीं हजारों शब्द वाचतां यावे. मुलाला प्रत्येक शब्द चित्रासारखा ओळखावयास लावलें तर तो लाभ त्याच्या हातून काढून घेतला जातो, आणि शेवटीं त्याला अक्षरें शिकावींच लागतात तीं लागतातच, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मॅननें उत्तर छापलें, मास्तरांनीं प्रत्युत्तर छापलें, मॅननें त्यावरहि उत्तर छापलें. १८४५ मध्यें मॅनच्या मित्रांनीं बोस्टनच्या शाळांची छापील प्रश्नपत्रिकांनीं लेखी परीक्षा घेतली. अशी परीक्षा त्या शहराला नवीन होती. निकाल मास्तरांना लाजविणारा लागला आणि त्यांतल्या कांहींच्या जागा गेल्या. मॅनचा जय झाला. मास्तरांच्या छडीबरोबर त्यांचें वाचनाविषयींचें खरें म्हणणेंहि अडगळींत पडलें. वाद जिंकणाऱ्याचें सगळेंच बरोबर ठरावें, ही इतिहासाची जुनी खोड आहे.

पुढें शास्त्रानेंहि शब्दपद्धतीला हात दिला, किंवा दिला असें वाटलें. लाइप्झिगच्या प्रयोगशाळेंत जेम्स कॅटेल ह्या अमेरिकन तरुणानें १८८६ मध्यें दाखविलें कीं, प्रौढ माणूस सुटें अक्षर ओळखण्यास जितका वेळ घेतो तितक्याच, किंबहुना कमी वेळांत सबंध शब्द ओळखतो. मग मुलालाहि शब्दच कां शिकवूं नये? तरबेज पोहणारा तळ्यांत उडी घेतो म्हणून शिकाऊलाहि ढकलून द्यावें, असा हा न्याय होता. पण तो लोकप्रिय झाला. १९३० पासून अमेरिकन शाळांतून 'डिक आणि जेन' ह्या भावंडांचीं पुस्तकें घरोघर झालीं. रंगीत चित्रें, सुखवस्तु कुटुंब, एक कुत्रा, एक मांजर, आणि पानोपानीं तेच मोजके शब्द पुन्हां पुन्हां. शब्द डोळ्यांत भरावा म्हणून ही पुनरुक्ति मुद्दाम केलेली असे. नवा शब्द समोर आला कीं मुलानें चित्र पाहावें आणि ओळखावें.

१९५५ मध्यें रुडॉल्फ फ्लेश ह्या व्हिएन्नाहून अमेरिकेंत येऊन स्थायिक झालेल्या लेखकाचें 'जॉनीला वाचतां कां येत नाहीं' ह्या अर्थाच्या नांवाचें पुस्तक निघालें. एका बारा वर्षांच्या मुलाला शिकवितांना फ्लेशला आढळलें कीं, हा मुलगा मठ्ठ नाहीं. त्याला अक्षरांचे आवाज कोणीं शिकविलेलेच नाहींत. ऑस्ट्रियांत जी गोष्ट शाळेंत सहज शिकविली जाई ती ह्या श्रीमंत देशांत गुपितासारखी झाली आहे, ह्याचें त्याला नवल वाटलें आणि रागहि आला. पुस्तक महिनोन् महिने खपाच्या यादींत राहिलें. शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांनीं त्याला अडाणी ठरविलें. त्याची भाषा अतिशयोक्तीची होती, हें खरें आहे. परंतु त्यानें एक मर्माची गोष्ट मांडली. ज्या घरांत आईबापांना वेळ आणि विद्या आहे तेथें शाळेंतली उणीव संध्याकाळीं स्वयंपाकघराच्या टेबलावर भरून निघते. ज्या घरांत तें नाहीं तेथील मूल जें वर्गांत मिळालें नाहीं तें पुन्हां कोठेंच मिळवूं शकत नाहीं. लोकशाहींतल्या सार्वजनिक शाळेनें नेमकें ह्याच मुलासाठीं असावें, अशी होरेस मॅनची स्वतःची श्रद्धा होती.

हार्वर्डच्या जीन चॉल ह्यांनीं १९६७ मध्यें जुने सर्व प्रयोग तपासून सांगितलें कीं, आवाज पद्धतशीर शिकविल्यानें आरंभींचें वाचन सुधारतें. इंग्लंडमध्यें १९६१ पासून जेम्स पिटमन ह्यांच्या चव्वेचाळीस खुणांच्या नव्या लिपीचा प्रयोग चालला होता. मुलें ती लवकर वाचूं लागलीं, पण नेहमींच्या स्पेलिंगाकडे परततांना अडखळलीं, आणि पुढें तो प्रयोग विरून गेला. चॉल ह्यांचें पुस्तक आलें त्याच वर्षीं केनेथ गुडमन ह्यांनीं वाचन हा अंदाजाचा खेळ आहे असा सिद्धांत मांडला. वाचणारा प्रत्येक अक्षर पाहत नाहीं, संदर्भावरून पुढचा शब्द ताडतो, म्हणून मुलालाहि ताडावयास शिकवावें. सिद्धांत सुंदर होता, मुलाचा मान राखणारा होता, आणि भल्या शिक्षकांना तो मनापासून आवडला. कॅलिफोर्नियानें १९८७ मध्यें ह्याच विचाराच्या छायेंत आपला भाषाशिक्षणाचा आराखडा केला. १९९४ च्या राष्ट्रीय चाचणींत चौथीच्या मुलांच्या वाचनांत तें संस्थान जवळजवळ तळाशीं गेलें. ज्यांच्या अमदानींत तो आराखडा झाला ते शिक्षणाधिकारी बिल होनिग पुढें उघडपणें ध्वनिपद्धतीचे पुरस्कर्ते झाले. सार्वजनिक जीवनांत असा प्रामाणिकपणा विरळाच.

दरम्यान प्रयोगशाळेंत डोळ्यांच्या हालचालींचें सूक्ष्म मोजमाप करतां येऊं लागलें होतें, आणि गुडमनच्या सिद्धांताचा पायाच त्यामुळें ढासळला. सराईत वाचकाचा डोळा शब्दांवरून घरंगळत जात नाहीं. बहुतेक अर्थपूर्ण शब्दांवर तो सुमारें पाव सेकंद थांबतो आणि त्यांतलीं अक्षरें टिपतो. ताडण्याचा आधार घेतो तो कच्चा वाचक, कारण त्याला दुसरा उपाय नसतो. २००० मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीनें ध्वनिपद्धतीच्या बाजूनें कौल दिला; मात्र अस्खलितपणा, शब्दसंग्रह आणि अर्थग्रहण हींहि तितकींच शिकवावीं लागतात असें तिनें सांगितलें. ही पुरवणी पुष्कळांच्या वाचनांतून निसटते. स्कॉटलंडमधील क्लॅकमॅननशायर ह्या छोट्या परगण्यांत रोना जॉन्स्टन आणि जॉइस वॉटसन ह्या दोघी संशोधिकांनीं सुमारें तीनशें मुलांचा सात वर्षें माग घेतला. २००५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणें ध्वनिपद्धतीनें शिकलेलीं मुलें शब्दवाचनांत वयाच्या मानानें साडेतीन वर्षें पुढें होतीं. अर्थग्रहणांत तीच मुलें साडेतीन महिनेच पुढें होतीं. पहिला आंकडा सर्वत्र गाजला. दुसरा त्याच पानांत पडून राहिला, आणि होरेस मॅनच्या भीतींत तथ्य होतें हें सांगण्यास तो पुरेसा आहे.

इंग्रजीचें आपलें दुखणें वेगळें आहेच. २००३ मध्यें यूरोपांतील तेरा भाषांच्या तुलनेंत असें दिसलें कीं, शाळेचें पहिलें वर्ष संपतां फिनिश, ग्रीक, जर्मन आणि इटालियन मुलें ओळखीचे शब्द शंभरांत पंचाण्णवाहून अधिक बिनचूक वाचतात, तर इंग्रजी वाचणारीं मुलें सुमारें चौतीस. तेंच मूल तीच बुद्धि घेऊन फिनलंडमध्यें जन्मतें तर वर्षभरांत मोकळें झालें असतें. म्हणून आपल्या घरांतलें मराठी मूल इंग्रजी वाचतांना मागें पडलेलें दिसलें तर त्याच्या मराठी वाचनाशीं त्याची तुलना करूं नये; दोन्हीं वाटांची चढण सारखी नाहीं.

इंग्लंडच्या सरकारनें २००६ मध्यें जिम रोझ ह्यांच्या अहवालावरून सर्व प्राथमिक शाळांत आवाज जोडून वाचण्याची रीत आरंभींच शिकवावी असें ठरविलें, आणि २०१२ पासून पांच-सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाची एक छोटी परीक्षा सुरू केली. शिक्षक मुलाला एकट्याला जवळ बसवितो आणि चाळीस शब्द वाचावयास देतो. त्यांतले वीस शब्द खरे, वीस बनावट. बनावट शब्दाशेजारीं एका काल्पनिक राक्षसाचें गंमतीदार चित्र असतें, म्हणजे तें त्या प्राण्याचें नांव आहे अशी मुलाची समजूत पटते. शब्द पूर्वीं पाहिलेला नसल्यामुळें तो ताडतां येत नाहीं आणि आठवतांहि येत नाहीं. आवाजांवरूनच वाचावा लागतो. पहिल्याच वर्षीं शिक्षकांनीं तक्रार केली कीं, चांगलीं वाचणारीं कांहीं मुलें 'स्ट्रोम' ह्या बनावट शब्दाला 'स्टॉर्म', म्हणजे वादळ, असें वाचून गुण घालवून बसलीं, कारण वाचलेल्या शब्दाला अर्थ असलाच पाहिजे अशी त्यांची खात्री होती. त्या वर्षीं शंभरांत अठ्ठावन्न मुलें उत्तीर्ण झालीं. २०१९ मध्यें तो आंकडा ब्याऐंशीवर गेला, साथीच्या काळांत शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्यें पंचाहत्तरावर उतरला, आणि २०२४ मध्यें ऐंशीपर्यंत सावरला. जें मूल पहिल्या वर्षीं अडतें त्याला पुढील वर्षीं पुन्हां तशीच चाळीस शब्दांची यादी घेऊन शिक्षकाजवळ बसवितात.